मुठीतली नऊ अक्षरे

जपानी तलवारीवर लोहाराचे नाव असले तर ते बाहेर मिरवलेले नसते. पात्याचे जे शेपूट मुठीत जाते त्याला जपानीत नाकागो म्हणतात, आणि सही त्या नाकागोवर असते. मुठीतून आरपार गेलेली बांबूची एक खुंटी सगळी जुळणी धरून ठेवते. खुंटी हलक्या हाताने ठोकून काढली, मूठ सोडवली, की नाकागो दिसतो. तलवार बाळगणाऱ्याला एरवी ही सही दिसतच नाही. ती पाहणारे तिघे: लोहार, धार लावणारा आणि विकत घेणारा.

नाकागोचा गंज कधीच साफ करायचा नसतो. पाते दगडांवर घासून आरशासारखे करतात, पण शेपटाला हात लावत नाहीत, कारण त्या गंजाच्या रंगावरून आणि पोतावरून वयाचा अंदाज बांधता येतो. आपल्याकडे उलट. घरात जुने हत्यार सापडले की पहिल्यांदा चिंच, राख, नाही तर पॉलिश पेपर. जुन्या बाजारात मी किती तरी तलवारी अशा पाहिल्या आहेत, की त्यांचा दोनतीनशे वर्षांचा पुरावा एका दुपारी घासून गेलेला आहे.

मी आंबिवलीत राहतो. तीस वर्षे टूलरूममध्ये फिटर म्हणून काम केले. इतिहासाची पदवी नाही. कल्याणच्या सार्वजनिक वाचनालयात आणि मिळेल तिथे मिळेल ते वाचत शिकलो. हत्यारांवर लिहायला लागून वीसेक वर्षे झाली, तरी स्वतः एकही विकत घेतले नव्हते. पहिले घेतले ते जपानी निघेल असे मात्र कधी वाटले नव्हते.

ती तलवार मोहन्यातल्या एका काकूंची होती. काकूंचे सासरे मूळ सातारा जिल्ह्यातले, दुसऱ्या महायुद्धात मराठा लाइट इन्फन्ट्रीत शिपाई. ते १९४६ मध्ये घरी आले. पुढे त्यांचा मुलगा इथल्या कारखान्यात लागला, चाळीत खोली मिळाली, आणि गावाकडच्या लोखंडी ट्रंकेबरोबर तलवारही आली. दर वर्षी खंडेनवमीला तिची पूजा व्हायची. हळदकुंकू ओल्या बोटाने लावायचे, त्यामुळे मुठीजवळ पात्यावर गंजाचे गोल गोल ठिपके पडले आहेत. काकूंना त्यांच्याकडे बोट दाखवून मी कारण सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे सत्तर दसरे मोजता येतील की रे."

घरातली आख्यायिका अशी: एका जपानी जनरलने ही तलवार सासऱ्यांच्या पायाशी ठेवली. नातवाने त्यात भर घातली होती. त्याने फोनच्या कॅमेऱ्याने नाकागोवरची अक्षरे वाचून घेतली होती आणि त्यात एका फार मोठ्या लोहाराचे नाव निघाले होते. त्याच्या हिशेबाने किंमत आठ लाखांच्या खाली येत नव्हती. त्याच आठवड्यात जुन्या वस्तूंच्या एका व्यापाऱ्याने तिचे चार हजार रुपये देऊ केले होते. कारखाना बंद पडून पुष्कळ वर्षे झालेली, काकूंचे मोतीबिंदूचे ऑपरेशन ठरलेले. खरा आकडा या दोन आकड्यांच्या मध्ये कुठे आहे, हे सांगायला मला बोलावले होते. विकत घ्यायचा विचार नंतर आला.

आधी जनरलची गोष्ट. म्यान धातूचे, त्यावर चामड्याचे आवरण. मुठीवर दोरीची वीण आणि चेरीच्या फुलांचे धातुकाम. ही जपानी लष्कराने १९३४ मध्ये ठरवून दिलेली अधिकाऱ्यांची तलवार. त्याआधी काही दशके अधिकारी पाश्चात्त्य पद्धतीच्या मुठी वापरत. १९३४ च्या नमुन्याने जुन्या सामुराई वळणाचे रूप परत आणले. अधिकारी आपली तलवार स्वतःच्या पैशाने घ्यायचा. पुष्कळांनी कारखान्यात झटपट तयार झालेली पाती घेतली, पण काहींनी घरातले पिढीजात पाते नव्या लष्करी मुठीत बसवून घेतले. म्हणून या तलवारींच्या बाबतीत बाहेरच्या साजावरून आतल्या पात्याचे वय ठरवता येत नाही. साज १९३४ नंतरचा, पाते त्याच्या तीनशे वर्षे आधीचे, असे असू शकते.

मुठीला एक गोंडा बांधलेला होता, मळकट तपकिरी आणि निळा. जपानी लष्करात या गोंड्याच्या रंगावरून हुद्दा कळे. निळा लेफ्टनंट-कॅप्टनांचा, लाल मेजर-कर्नलांचा, पिवळा जनरलांचा. गोंडे बदलले जाऊ शकतात हे खरे, पण जनरलचा गोंडा काढून त्या जागी कॅप्टनचा कोण बांधील? आपल्या जनरलसाहेबांचा हुद्दा इथेच बराच खाली आला.

पायाशी ठेवण्याचे काय? त्यात मात्र तथ्याचा अंश आहे. जपानने शरणागती पत्करली तेव्हा जनरल मॅकआर्थर यांना तलवारी स्वीकारण्याचे समारंभ नको होते. आग्नेय आशियाचे सरसेनापती माउंटबॅटन यांनी नेमका उलट आग्रह धरला. अधिकाऱ्यांनी आपल्या सैनिकांच्या देखत तलवारी खाली ठेवाव्यात, म्हणजे हार झालीच नव्हती असे पुढे कुणाला म्हणता येणार नाही. बर्मा मोहिमेचे सेनापती स्लिम यांचेही मत तेच होते, आणि जपानी सेनापती किमुरा यांची तलवार त्यांनी स्वतःच्या घरी शेकोटीवरच्या फळीवर ठेवली. १९४५ च्या उत्तरार्धात बर्मा, मलाया, सिंगापूर, जावा इथे अशा तलवारींचे ढीग लागले. काहींना त्यांच्या मालकांनी नावाच्या चिठ्ठ्या बांधल्या होत्या, कधी काळी परत मिळेल या आशेने.

मराठी माणसे या सगळ्यात होती. मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी बटालियन मार्च १९४४ मध्ये मणिपुरात सांगशाकला छत्री ब्रिगेडच्या जोडीने लढली. युद्ध संपल्यावर तीच बटालियन आणि सहावी बटालियन ४९ व्या ब्रिगेडबरोबर जावा बेटावर सुराबायाला उतरल्या आणि ऑक्टोबर १९४५ च्या अखेरीस इंडोनेशियाच्या स्वातंत्र्यसैनिकांशी झालेल्या भीषण लढाईत सापडल्या. महार रेजिमेंटची दुसरी बटालियन बर्मात होती. काकूंच्या सासऱ्यांच्या सेवापुस्तिकेची अर्धी पाने वाळवीने खाल्ली आहेत; रेजिमेंटचे नाव आणि सेवामुक्तीचे साल तेवढे वाचता येते. तेव्हा ते नेमके कुठे होते हे सांगता येणार नाही, पण ट्रंकेत घालून आणता येईल अशी अखंड, साज शाबूत असलेली तलवार रणधुमाळीत उचललेली कमी आणि शरणागतीच्या ढिगातून वाट्याला आलेली जास्त संभवते. कुण्या कॅप्टनने ती खाली ठेवली असेल. समोर उभ्या असलेल्या रांगेत सासरेही असतील. घरी सांगताना रांग गळून गेली.

आता नऊ अक्षरे. नातवाच्या फोनने ती बरोबर वाचली होती: नागासोने ओकिसातो न्यूदो कोतेत्सू.

कोतेत्सू हा सतराव्या शतकातला. मूळ धंदा चिलखते करण्याचा. तो एदोला, म्हणजे आजच्या तोक्योला, आला आणि पन्नाशीच्या आसपास तलवारींकडे वळला. (पन्नाशीनंतर नव्या विद्येला हात घालणाऱ्यांबद्दल मला साहजिकच आपुलकी आहे.) सुरुवातीला तो आपले नाव 'जुने लोखंड' असा अर्थ होईल अशा चिन्हांनी लिहायचा, पुढे त्याच उच्चाराच्या पण 'वाघ' असलेल्या चिन्हांनी लिहू लागला. वाघाचे ते चिन्हही त्याने दोन वळणांनी लिहिले, आधी शेपटी फटकारल्यासारखे, नंतर चौकोनी खोक्यासारखे. त्याच्या पात्यांची कीर्ती हयातीतच एवढी झाली की नकला तेव्हापासूनच सुरू झाल्या. कोतेत्सू दिसला की तो खोटाच समज, अशी जपानी संग्राहकांत म्हण आहे. शिनसेनगुमी या एकोणिसाव्या शतकातल्या पथकाचा नायक कोन्दो इसामी आपल्या कोतेत्सूचा फार अभिमान बाळगायचा. तोही खराच होता असे मानणारे आज थोडे. त्याच काळात एदोत काजिहेई या नावाने ओळखला जाणारा एक लोहार नामवंतांच्या सह्या करण्यात इतका तरबेज होता की त्याचे नाव आज त्या खोट्या सह्यांसाठीच घेतले जाते. अशा सहीला जपानीत गिमेई म्हणतात.

म्हणजे संशय पहिल्या क्षणापासून होता. पण "सहसा खोटी असते" आणि "ही खोटी आहे" यात अंतर आहे, आणि ते अंतर मला माझ्या धंद्यातल्या हत्यारांनी कापायचे होते.

पाते आधी पाहिले. लांबी सहासष्ट सेंटिमीटर, बाक अगदी कमी, टोकाकडे चांगलेच निमुळते. असा जवळजवळ सरळ आकार १६६० ते १६७५ च्या सुमारास लोकप्रिय होता, तेव्हा आकार कोतेत्सूच्या काळाशी जुळतो. आपण तलवारीचे 'पाणी' म्हणतो ते जपानी तलवारीवर डोळ्यांनी दिसते: धारेलगत पांढुरकी रेषा, पाणी दिलेल्या कठीण पोलादाची हद्द. पाणी देण्याआधी पात्यावर मातीचा लेप देतात, धारेकडे पातळ, पाठीकडे जाड; पातळ भाग झटकन थंड होऊन कडक होतो, जाड भाग चिवट राहतो. या रेषेचे वळण हीच लोहाराची खरी सही, कारण ती नंतर कुणाला कोरता येत नाही. कोतेत्सूच्या प्रसिद्ध पात्यांवर ही रेषा जपमाळेच्या मण्यांसारखी गोल गोल उठते. आमच्या तलवारीवर ती सरळ, शांत, किंचित धुकट. हळदीच्या ठिपक्यांमधूनही सलग दिसते. सुंदर आहे, पण माळ नाही.

मग नाकागो. दहापट मोठे दाखवणारे भिंग आणि तिरपा उजेड. गंज काळपट चॉकलेटी, जुना, गुळगुळीत. त्याखाली कानशीचे तिरपे ओरखडे. जुन्या लोखंडावर गंजाने बारीक खड्डे पडतात तसे पडलेले. 'वाघ' या अक्षराची एक रेघ अशाच एका खड्ड्यातून जाते, आणि खड्ड्याच्या तळाशीही ती तितकीच ठसठशीत आहे. अक्षर आधी असते तर गंजाने खड्डा पाडताना रेघेच्या कडा खाल्ल्या असत्या. इथे छिन्नी खड्ड्यात उतरून पलीकडे चढली आहे. खड्डा आधी, अक्षर नंतर. आणि असा खड्डा पडायला लोखंडाला पिढ्या लागतात. टूलरूममध्ये तुटलेल्या भागावर आधी काय झाले आणि मग काय हे असेच वाचतात; त्यासाठी जपानी यावे लागत नाही.

एवढ्यावर थांबता आले असते. सवयीने मी व्हर्निअर लावला. नाकागोची जाडी मुठीच्या तोंडापासून शेवटाकडे एका चालीने कमी होत जायला हवी. सहीच्या जागी ती अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास एकदम कमी भरते आणि खाली पुन्हा वाढते. पट्टी उभी धरली तर खालून उजेडाची फट दिसते. तिथले कानशीचे ओरखडेही बाकीच्यांपेक्षा वेगळ्या तिरकेपणाचे आहेत. त्या जागी आधी दुसरे काही तरी कोरलेले होते आणि ते कानशीने काढून टाकले, याशिवाय मला दुसरा अर्थ लावता आला नाही. बहुधा पाते घडवणाऱ्याचे स्वतःचे नाव. सरळ, शांत रेषेचा एक चांगला लोहार. बाजारात त्याचे नाव चालत नसेल, म्हणून कुणी तरी ते घासून त्यावर चालणारे नाव कोरले.

हे जपानी लबाडीचे प्रकरण म्हणून सोडून देता येत नाही, कारण आपल्या घरची गोष्ट फार वेगळी नाही. मराठ्यांची आवडती फिरंग म्हणजे युरोपी पाते आणि इथली मूठ. त्या पात्यांवर 'जिनोआ' असे शहराचे नाव आणि दातेरी चंद्रकोरींची जोडी सापडते. ते शहर इटलीत, पण तसेच ठसे जर्मनीतल्या झोलिंगेनच्या लोहारांनी मारले आणि पुढे आपल्या लोहारांनीही. 'आंद्रेआ फेरारा' हा सोळाव्या शतकातला इटालियन कारागीर. त्याचे नाव स्कॉटलंडपासून दख्खनपर्यंत इतक्या पात्यांवर आणि इतक्या चुकीच्या स्पेलिंगांनी आहे की एका माणसाच्या हातून ती होणे शक्य नाही. इराणचा असदुल्ला इस्फहानी हा शहा अब्बासच्या काळचा म्हणून ओळखला जातो. त्याची सोन्याने भरलेली सही दोनशे वर्षांच्या तलवारींवर येते. अशा जागी नाव हे व्यक्तीचे राहत नाही, मालाच्या प्रतीचे होते. आजोबा "जर्मन" कात्री म्हणायचे तेव्हा ती मेरठची असली तरी त्यांना जे म्हणायचे ते बरोबर कळायचे.

एक फरक आहे, आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने लंडनच्या सदबीज लिलावात सुमारे सत्तेचाळीस लाख रुपयांना घेतलेली नागपूरकर रघूजी भोसले यांची तलवार आठवा. पाते युरोपी. त्याच्या पाठीवर देवनागरीत सोन्याने अक्षरे आहेत, 'सेनासाहिब सुभा' या पदवीसकट रघूजींच्या नावाची. नाव आहे ते बाळगणाऱ्याचे, घडवणाऱ्याचे नाही. आपल्याकडे लोहाराला सही करण्याइतकी प्रतिष्ठा सहसा मिळाली नाही. जपानात ती मिळाली, म्हणून तिथे लोहाराच्या नावाची चोरी होते. आपल्याकडे मालकाच्या नावाची. आजच्या बाजारात कोणतीही जुनी तलवार विचारा, ती कुठल्या ना कुठल्या सरदाराची निघते, आणि सरदार जितका इतिहासात मोठा तितकी किंमत मोठी. ते नाव कुणी कोरतही नाही. विक्रेत्याच्या तोंडून ते थेट स्थानिक वृत्तपत्रात आणि तिथून शाळेच्या स्मरणिकेत जाते. छिन्नीची खूण भिंगाखाली सापडते. या नावांची खूण शोधायची कुठे? गिमेई त्या मानाने प्रामाणिक म्हणायचा.

काकूंना मी सगळे सांगितले, व्हर्निअरच्या आकड्यांसकट. नातू नाराज झाला. काकूंनी एकच विचारले, "म्हणजे खोटी आहे का?" तलवार खोटी नव्हती. साडेतीनशे वर्षांपूर्वीचे, हाताने घडवलेले, चांगले पाणी दिलेले पाते होते. सही खोटी होती. त्या माणसाच्या नावाचे पैसे मागता येणार नाहीत, पण लोखंडाच्या भावाने देणेही चूक.

मी घेऊ का, असे विचारायला मला आणखी आठवडा लागला. नऊ इंचांहून लांब पात्याची तलवार शस्त्र कायद्याच्या कक्षेत येते आणि परवान्याचा प्रश्न त्या त्या भागातल्या अधिसूचनेवर ठरतो, म्हणून आधी पोलीस ठाण्यात लेखी अर्ज दिला, तलवारीच्या फोटोंसह. उत्तर हातात आल्यावर भाव ठरला: ७५,००० रुपये, दोन हप्त्यांत. दोन जाणकारांना आधी किंमत विचारली होती, मी कोण हे न सांगता. मी दिले ते त्यांनी सांगितलेल्या आकड्यांपैकी वरच्याच्या जवळ आहे. काकूंच्या ऑपरेशनचे भागले.

तलवार घरी आल्यावर पुण्याच्या एका संग्राहकांनी मनापासून सल्ला दिला: ती सही काढून टाका. सल्ला रीतीला धरून आहे. जपानात तलवारींचे जतन करणारी मोठी संस्था १९४८ मध्ये स्थापन झाली, ताबेदारीच्या काळात हजारो तलवारी नष्ट झाल्यावर. तिची प्रमाणपत्रे संग्राहकांच्या जगात शेवटचा शब्द मानतात, आणि खोट्या सहीच्या पात्याला ती मिळत नाहीत. त्यामुळे मालक अशी सही घासून काढतात, पाते 'निनावी' होते, आणि मग तज्ज्ञ त्याला त्याच्या गुणांवरून योग्य त्या परंपरेत बसवतात. मासामुनेसारख्या थोरांची पातीही बहुतेक निनावीच आहेत. निनावी असण्यात कमीपणा नाही.

मला ते काम जड नाही. सपाट कानस आणि दहा मिनिटे. तरी मी केले नाही. एकदा कुणी तरी कानस घेऊन एका लोहाराचे नाव पुसले आहे. आता मी दुसऱ्यांदा तीच जागा घासली तर पहिल्या घासण्याचा पुरावा, तो अर्ध्या मिलिमीटरचा खळगा, खड्ड्यातून चढलेली ती रेघ, सगळे जाईल. उरेल एक स्वच्छ, निर्दोष, काहीच न सांगणारा नाकागो. त्या पुसलेल्या माणसाबद्दल आज आपल्याला एवढेच ठाऊक आहे की तो होता आणि त्याला पुसले. ही माहिती खोट्या सहीमुळेच टिकली आहे. शिवाय ही फसवणूकसुद्धा आता जुनी झाली. खळग्यातला गंज पाहता ती एकोणिसाव्या शतकातली असावी असा माझा अंदाज आहे, म्हणजे तो कॅप्टन स्वतःही बहुधा कोतेत्सू समजूनच ती कमरेला लावून जहाजात बसला असेल.

पात्याला वर्षातून दोनदा तेल लावतो. जपानी रीतीत त्यासाठी लवंगेचा अर्क घातलेले तेल वापरतात; इथे मी शिवणयंत्राचे तेल घेतो आणि त्यात लवंगेच्या तेलाचे दोन थेंब टाकतो. हळदीचे ठिपके तसेच ठेवले आहेत.

विक्रीची पावती मी दोन प्रतींत लिहिली. तलवारीचे वर्णन, मापे, "कोतेत्सू अशी सही, सही खोटी, तिच्याखाली पूर्वीची सही पुसल्याच्या खुणा", गोंड्याचा रंग, मराठा लाइट इन्फन्ट्री, १९४६. काकूंनी नातवाकडून ती दोनदा वाचून घेतली आणि म्हणाल्या, "एवढी नावं लिहिलीस, आमच्या मामंजींचं कुठंय?" मी दोन्ही प्रतींवर ते लिहिले, पूर्ण नाव, गाव आणि तालुक्यासकट. मग त्यांनी सही केली.